परवान्यांचे घड्याळ थांबते तेव्हा

१/ बांधकामाचा परवाना कायमचा नसतो. मुदतीत काम सुरू न झाल्यास नव्या नियमांनुसार पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. पण मंदीमुळे कर्जच मिळेनासे झाले तर?

२/ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये यावर कायदाच केला. १९८९ पासूनच्या मंदीत रखडलेल्या मंजुऱ्यांची मुदत त्याने गोठवली.

३/ २००८ च्या आर्थिक अरिष्टात हाच मार्ग पुन्हा अवलंबला गेला. गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी ६ सप्टेंबर रोजी स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २००७ पासूनचा काळ मुदतीत न धरण्याचे ठरले.

४/ पर्यावरणवाद्यांचा आक्षेप मूलभूत होता : परवाना जुना राहिला, तर त्यामागचे नियमही जुनेच राहतात. म्हणून पाइनलँड्सचा वनप्रदेश आणि अन्य संवेदनशील क्षेत्रे बव्हंशी वगळण्यात आली.

५/ ही सवलत १ जुलै २०१० पर्यंतच होती. पुढे ती २०१२ आणि मग २०१४ च्या अखेरीपर्यंत वाढत गेली. अमेरिकेतील मंदी मात्र अधिकृत गणनेनुसार जून २००९ मध्येच संपली होती.