रायबागनचा रोल कुणाला?

आमच्या लातूरच्या शाळेत गॅदरिंगला अफझलखानाचा प्रसंग ठरलेला. सातवीत माझ्या एका मित्राला खान केलं, आठवीत पुन्हा त्यालाच. अंगाने तो माझ्याहूनही बारीक, म्हणून पोटाला उशी बांधली. त्याला जिवा महाला व्हायचं होतं. सरांना तसं म्हणालाही. सर नुसते हसले. तो मुसलमान होता, त्यामुळे खान कोण हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मुलींमधून एक जिजाऊ निवडायची, बाकीच्यांनी ओवाळायचं.

हे सगळं सरांच्या डोक्यात सिनेमातून आलेलं होतं. आमच्याही. महाराज म्हटलं की आमच्या घरी अजून चंद्रकांत मांडरेच दिसतात, भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’मधले. भालजींना नावं ठेवणं सोपं आहे, पण याच सिनेमात मिर्झाराजे जयसिंग आहेत आणि ते केलेत पृथ्वीराज कपूरनी. औरंगजेबाचा सेनापती, राजपूत, आणि पडद्यावर काय रुबाब! समोरच्या बाजूचा माणूसही मोठा असू शकतो, हे भालजींना कळत होतं. मात्र तो मोठेपणा राजे-सेनापतींपाशीच थांबतो.

कॉलेजात असताना मोबाईलवर ‘शिवभारत’ वाचलं. महाराजांच्या आश्रयाला असलेल्या कवींद्र परमानंदांचं हे संस्कृत काव्य. स. म. दिवेकरांनी १९२७ साली मराठी भाषांतरासह छापलेलं, म्हणजे त्या सिनेमाच्या पंचवीस वर्षं आधी. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांसोबत जे दहा अंगरक्षक होते, त्यांची नावं त्यात आहेत. जिवा महाला आहे, येसाजी कंक आहे, आणि सिद्दी इब्राहिमही आहे. खानाकडे बघावं तर वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, आणि फौजेत मंबाजी भोसले, महाराजांच्याच भाऊबंदांपैकी. आमच्या गॅदरिंगची पात्रयादी निम्मी तिथंच कोसळते.

पण मी थांबलो ते उंबरखिंडीपाशी. फेब्रुवारी १६६१. कारतलबखान मोगली फौज घेऊन घाटावरून कोकणात उतरत होता. खाली दाट जंगल, वाट चिंचोळी, आणि मराठे दोन्ही तोंडं अडवून बसलेले. फौजेला पाणीही मिळेना. त्या फौजेत एक बाई होती, रायबागन. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली. रायबागन म्हणजे राजवाघीण, हा बादशाही किताब. तिने खानाला सुनावलं, की या रानात शिरलास हीच चूक झाली, आता शरण जा आणि माणसं वाचव. खानाने ऐकलं. खंडणी दिली आणि महाराजांनी फौजेला जाऊ दिलं.

माहूर म्हणजे आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं. रेणुकेच्या दर्शनाला आम्ही कितीदा गेलो, समोरचा किल्ला पाहिला. या बाईचं नाव कुणी घेतलं नाही. कारण उघड आहे. ती मोगलांकडून लढली. मग तिला कुठल्या खणात ठेवायचं? शूर, हिंदू, मराठी मुलखातली, आणि औरंगजेबाच्या चाकरीत! पण वतन टिकवायचं तर ज्याचं राज्य त्याची चाकरी, हे तेव्हा आमच्या भागात रोजचंच होतं. निजामशाही १६३६ ला बुडाली आणि हा मुलूख मोगलांकडे गेला, तो काही कुणाला विचारून नाही.

मराठवाड्याची माणसं स्वराज्याच्या सिनेमात का दिसत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथं असावं. ‘छत्रपती शिवाजी’ आला तेव्हा नांदेड काय, लातूरही हैदराबाद राज्यात होतं. पण मला खटकतं ते वेगळंच. महाराजांच्या स्वतःच्या कवीने शत्रूच्या फौजेतल्या बाईला बोलायला दिलं, तिचं शहाणपण लिहून ठेवलं. तिला एखाद्या जुन्या सिनेमात पाहिल्याचं मला आठवत नाही. सिद्दी इब्राहिमलाही नाही.

मागच्या पावसाळ्यात ऑफिसच्या पोरांबरोबर उंबरखिंडीत गेलो. अंबा नदीच्या पात्रात स्मारक आहे, सगळे सेल्फी काढत होते. मी मित्राला फोटो पाठवला, सोबत सिद्दी इब्राहिमबद्दल चार ओळी. तो आता नांदेडला असतो, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. रात्री उत्तर आलं: “हे सातवीत सांगितलं असतंस तर उशी तरी वाचली असती की बे.”