जुनी आगबोट

जबलपूरहून मिर्झापूरकडे जाणाऱ्या जुन्या दख्खन रस्त्यावर, जबलपूरपासून सुमारे दहा मैलांवर पनागर हे गाव आहे. १८१७ सालापर्यंत या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळी वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादला जाई आणि तांडेच्या तांडे याच वाटेने गंगाकाठच्या मिर्झापूरला जात. समुद्र येथून शेकडो मैल दूर. पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या येथील माणसाला जहाजाची खबर असण्याचे काही कारण नव्हते, आणि त्याला ती नव्हतीही.

ही स्थिती अवघ्या तीन वर्षांत पालटली. १८६७ साली अलाहाबादहून निघालेला लोहमार्ग पनागरच्या शेजारून जबलपुरास पोहोचला. १८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईहून आलेला रूळ जबलपूर येथे अलाहाबादच्या रुळास येऊन मिळाला. पुढे १८७३ साली सरकारने गव्हावरील निर्यात जकात उठविली. जबलपूर जिल्ह्यातील हवेली म्हणून ओळखली जाणारी जमीन गव्हासाठी प्रसिद्ध आहे. तेथे शेताभोवती बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवतात आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून देऊन त्या ओलीवर गहू पेरतात. नर्मदेच्या खोऱ्यातील हा गहू आता आगगाडीने मुंबईस आणि तेथून विलायतेस जाऊ लागला. लंडनच्या बाजारातील भावाची चढउतार जबलपूरच्या मंडईत उमटू लागली.

परंतु या व्यवहारात एक खोच होती. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव म्हणजे विलायतेतील भावातून आगगाडीचे भाडे, दलाली आणि जहाजाचे नूर वजा जाता उरणारी रक्कम. जहाजे सर्वस्वी परक्यांची. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्यांच्या हाती हिंदुस्थानच्या किनाऱ्याच्या व परदेशी वाहतुकीच्या नाड्या होत्या. १९१४ साली त्या दोन्ही एकत्र आल्या आणि लॉर्ड इंचकेप हे त्या प्रचंड संस्थेचे सूत्रधार झाले. नुराचा दर त्यांनी सांगावा आणि मालवाल्याने तो निमूटपणे द्यावा, असा शिरस्ता होता.

तो मोडण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९३-९४ च्या सुमारास एका जपानी कंपनीच्या सहकार्याने सूत आणि कापूस पूर्वेकडे नेणारी स्वतंत्र वाहतूक सुरू केली. पी. अँड ओ.ने आपले दर असे काही कोसळविले की टाटांना ती लवकरच बंद करावी लागली. १९०६ साली तुतिकोरीनचे वकील चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ‘गालिया’ व ‘लावो’ या आगबोटी मिळवून तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर आणल्या. तेथेही दरयुद्ध झाले. शिवाय १९०८ साली चिदंबरम यांना राजद्रोहाच्या खटल्यात जबर शिक्षा झाली. १९११ साली कंपनीचे दिवाळे वाजले. आगबोट मिळविणे कठीण असते, परंतु ती चालती ठेवणे त्याहून कठीण असते, हा धडा या दोन प्रकरणांनी घालून दिला होता.

अशा या धंद्यात १९१९ साली सोलापूरच्या एका कंत्राटदाराने उडी घेतली. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा. घराणे गुजराथी जैन व्यापाऱ्यांचे, परंतु सोलापुरात रुजलेले. घरचा सावकारी आणि कापसाचा व्यापार सोडून १९०३ च्या सुमारास त्यांनी रेल्वेतील कारकुनीचा अनुभव असलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीस आरंभ केला. खडी, माती, रूळ, मजूर यांचा हिशेब करणाऱ्या या गृहस्थाचा समुद्राशी काडीचाही संबंध नव्हता. संबंध होता तो संधीशी.

संधी महायुद्धाने निर्माण केली होती. जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची असंख्य जहाजे तळाशी धाडली होती. १९१८ च्या नोव्हेंबरात तह झाला तेव्हा माल बंदरोबंदरी साचून राहिलेला आणि तो नेण्यास जहाज नाही, अशी अवस्था होती. नुराचे दर आकाशाला भिडले होते. नवे जहाज बांधून घ्यावे म्हटले तर विलायतेतील गोद्यांपुढे मागण्यांची रीघ लागलेली, आणि त्यांत पहिला मान अर्थातच तेथील कंपन्यांना. हिंदुस्थानात मोठी आगबोट बांधणारी गोदीच नव्हती. अशा वेळी मुंबईत एक जुनी आगबोट विकाऊ असल्याचे समजले. तिचे नाव ‘लॉयल्टी’ आणि तिचे मालक ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

या आगबोटीचे पूर्वचरित्र मोठे वैभवाचे होते. इंग्लंडातील बॅरो येथे १८९० च्या ऑगस्टमध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असे होते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने पूर्वेकडच्या टपालासाठी ज्या तीन बहिणी-बहिणी बांधून घेतल्या त्यांतील ही थोरली. ५,९०५ टनांची, सुमारे ४५५ फूट लांब, दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या आणि दोन पंखे. ताशी सुमारे १६ सागरी मैल हा तिचा वेग. १८९१ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून निघून सुवेझमार्गे हाँगकाँग आणि तेथून पॅसिफिक ओलांडून ती व्हँकुव्हरला गेली. पुढील दोन तपे उंची प्रवासी, रेशीम आणि टपाल वाहण्यात तिची गेली. १९१४ साली युद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली आणि जखमी हिंदी शिपायांसाठी तिला तरते रुग्णालय बनविले. १९१५ च्या जानेवारीत तिचे नाव ‘लॉयल्टी’ झाले. युद्ध संपताच हे कामही संपले.

बाजारात जुना बैल घेणारा कुणबी त्याचे दात पाहतो, खूर तपासतो, चार पावले चालवून पाहतो. नुसत्या रंगावर तो भाळत नाही. आगबोटीचेही असेच आहे. खारे पाणी लोखंडी पत्र्याला बाहेरून खाते आणि कोळशाची ओली राख आतून खाते. यास्तव जाणता तपासनीस हातोडीने पत्रा ठोकून नाद ऐकतो आणि शंका आली तर भोक पाडून पत्र्याची जाडी मोजतो. त्याहून महत्त्वाचा बाष्पक. तो जसजसा जुना होतो तसतसा त्याने सोसावयाचा दाब उतरवावा लागतो. दाब उतरला की वेग उतरतो, पण कोळसा मात्र तेवढाच लागतो. विमा उतरविणाऱ्यांसाठी ठराविक मुदतीने जहाजाची कसून तपासणी होते, आणि वयाबरोबर त्या तपासणीतून निघणाऱ्या दुरुस्त्यांचे आकडे फुगत जातात.

‘लॉयल्टी’चे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. तथापि वय हा तिचा मुख्य दोष नव्हताच. ती बांधली गेली होती वेगासाठी आणि प्रवाशांसाठी. वेगासाठी बांधलेल्या जहाजात यंत्रे आणि कोळसा यांनीच पोटाचा बराच भाग व्यापलेला असतो. मालाला जागा थोडी उरते. शिवाय वेग थोडासा वाढविला की कोळशाचा खर्च त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात वाढतो. टपालाची मोठी सरकारी देणगी पाठीशी असेल तर हा थाट परवडतो. ज्यांना देशाचा कापूस, गहू, तांदूळ न्यावयाचा त्यांनी असले जहाज घेणे म्हणजे नांगरासाठी शर्यतीचा घोडा घेण्यासारखे होते.

हे सारे खरे असूनही दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट होती, आणि ती जड होती. हे जहाज मुंबईत, डोळ्यांपुढे, तरंगत उभे होते. नवे जहाज मिळेपर्यंत थांबावयाचे, तर किती वर्षे? तोपर्यंत इंग्रज कंपन्यांनी युद्धातील नुकसान भरून काढले असते आणि आत शिरण्यासाठी उघडे पडलेले दार पुन्हा बंद झाले असते. टाटा आणि चिदंबरम यांच्यानंतर हिंदी भांडवलदार या धंद्याला बिचकत होता. त्याला कागदावरील योजना दाखवून भागणार नव्हते. ध्वज उभारलेले जहाज दाखवावयास हवे होते. जुनी वस्तू घ्यावी की नाही याचा निर्णय करताना ‘हिच्यात किती दिवस उरले आहेत?’ हा प्रश्न आपण विचारतो. ‘तेवढ्या दिवसांत हिच्याकडून कोणते काम उरकून घ्यावयाचे आहे?’ हा दुसरा प्रश्न विचारावयाचे बहुधा राहून जाते. ‘लॉयल्टी’चे मोल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होते.

वालचंदांच्या जोडीला तिघे मातबर गृहस्थ उभे राहिले: गिरणीमालक नरोत्तम मोरारजी, कापसाचे व्यापारी किलाचंद देवचंद आणि सहकारी चळवळीतील धुरीण लल्लुभाई सामळदास. आगबोट खरेदी झाली. १९१९ च्या मार्च महिन्यात सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. ज्या घराण्याकडून आगबोट आली त्याचेच नाव कंपनीने धारण केलेले दिसते. आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईचे बंदर सोडून लंडनचा रस्ता धरला. त्याच सप्ताहात रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पडावयाचा होता, आणि जालियनवाला बाग अवघ्या आठ दिवसांवर होती. राजनिष्ठेचे नाव मिरविणारी ती आगबोट अशा मुहूर्तावर परक्यांच्या मक्तेदारीस आव्हान देण्यास निघाली, हा इतिहासाचा एक गमतीदार योग म्हणावा लागेल.

यापुढील हकिकत मात्र विजयाची नाही. बैलाची पारख करणाऱ्या कुणब्याला जी शंका आली असती ती सर्व खरी ठरली. दुरुस्ती आणि कोळसा यांचा खर्च उत्पन्नाला पुरून उरला. १९२० नंतर जगभर जहाजांचा सुकाळ होऊन नुराचे दर गडगडले, तेव्हा तर तिच्याकडून फायद्याची आशाच उरली नाही. दरम्यान कंपनीने प्रवासी जहाजांचा नाद सोडून मालवाहू आगबोटी घेतल्या होत्या. त्याही जुन्याच, परंतु आपल्या कामाला साजेशा. १९२३ च्या फेब्रुवारीत ‘लॉयल्टी’ भंगारात निघाली आणि मुंबईतच मोडली गेली.

त्याच साली कंपनीवरही मोठा प्रसंग आला. प्रतिस्पर्ध्यांनी किनाऱ्यावरील दर इतके उतरविले की फेरीचा खर्चही निघेना. अखेरीस १९२३ साली दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने किनाऱ्यावरील मालवाहतुकीतच राहावे आणि जहाजांचे एकूण टनेज ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. अटी मानहानीच्या खऱ्या. परंतु त्यांतच एक कबुली दडलेली होती. टाटांशी किंवा चिदंबरम यांच्याशी कोणी करार केला नव्हता. त्यांना नुसते हाकलून दिले होते. येथे प्रथमच हिंदी कंपनीचे अस्तित्व मान्य करणे भाग पडले.

त्या अस्तित्वाला पुढे फळे आली. किनाऱ्याची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी १९२८ साली सारभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले. दुसऱ्याची जुनी जहाजे घेण्याची पाळी कायमची टळावी, म्हणून त्यांनी आगबोटी बांधण्याची गोदीच काढण्याचे मनावर घेतले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टण येथे बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथून ‘जलउषा’ ही ८,००० टनांची आगबोट पाण्यात सोडली. बॅरोच्या गोदीत जन्मलेल्या, एकदा नाव बदललेल्या आणि तिसऱ्या मालकाच्या घरी निवर्तलेल्या त्या जुन्या जहाजापासून या नव्या जहाजापर्यंतचे अंतर एकोणतीस वर्षांचे होते.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद निवर्तले. विसाव्या शतकाच्या अखेरीअखेरीस सिंदिया कंपनीचा व्यापही ओसरला. तथापि १९६४ सालापासून ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस एखाद्या उत्तम जहाजाचा नव्हे. ज्या आगबोटीने आपल्या धन्याला पैसा मिळवून दिला नाही, जी चार वर्षांतच मोडीत निघाली, तिच्या पहिल्या फेरीचा तो दिवस आहे. त्या खरेदीचा जमाखर्च कोणी मांडलाच, तर तो कंपनीच्या त्या चार वर्षांच्या वहीत पुरा होणार नाही. पनागरच्या शेतकऱ्याने गव्हाचे पोते आगगाडीत चढविल्यानंतर त्याच्या भाड्याचा पैसा कोणाच्या हाती पडतो, तेथवर तो हिशेब नेऊन भिडवावा लागेल.