ट्रामचा अपघात आणि दोषाचा वाटा

मनुष्यस्वभावाचा एक विशेष असा की, अनर्थ घडला म्हणजे त्याचे कारण शोधण्यापूर्वी तो त्याचा धनी शोधू लागतो. कारण शोधावयास वेळ लागतो आणि पुष्कळदा ते आपल्याच दाराशी येऊन थांबते. उलट धनी सापडला म्हणजे मन निश्चिंत होते. शहरांतील ट्रामगाड्यांच्या अपघातांचा इतिहास चाळला असता या स्वभावाचा प्रत्यय पदोपदी येतो. आमच्या मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची पहिली ट्राम निघाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली, १९२० साली दुमजली गाडी आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे गेलेल्या अखेरच्या गाडीबरोबर तो नव्वद वर्षांचा अध्याय समाप्त झाला. परंतु ट्रामने उभा केलेला प्रश्न तिच्याबरोबर गेला नाही. भर रस्त्यात यंत्र माणसावर आदळले, तर दोष कोणाचा?

या प्रश्नात शिरण्यापूर्वी ट्राम ही वस्तू मुळात काय आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. मोटार हाकणाऱ्यासमोर अकस्मात मूल आले तर तो चाक फिरवून बाजूस होऊ शकतो. ट्राम हाकणाऱ्यास ती मुभा नाही. घंटा वाजवावी आणि ब्रेक दाबावा, इतकेच त्याच्या हाती. त्यातही पोलादी चाकाची पोलादी रुळावरील पकड मुळातच थोडी. पावसाने किंवा गळलेल्या पानांनी रूळ निसरडा झाला की ती आणखी घटते. म्हणूनच अशा गाड्यांतून रुळांवर वाळू सोडण्याची सोय ठेवावी लागते. आगगाडीही याच जातीची. पण तिला स्वतंत्र मार्ग असतो, कुंपण असते, फाटक असते. ट्राम मात्र हातगाड्या, फेरीवाले, शाळेची मुले आणि म्हातारीकोतारी यांच्या गर्दीतून चालावयाची. स्वभाव आगगाडीचा आणि रस्ता बैलगाडीचा, असा तिचा विषम संसार. हा संसार ना हाकणाऱ्याने मांडलेला असतो, ना पादचाऱ्याने. तो मांडतात परवाना देणारे नगरशासक आणि रूळ टाकणारी कंपनी. आमच्या मते दोषाचा विचार येथून सुरू व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो शेवटच्या क्षणापासून सुरू होतो.

पहिला दाखला अमेरिकेचा घेऊ. न्यूयॉर्कशेजारचे ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. १८९० नंतरच्या दशकात तेथे घोड्यांच्या जागी वीज आली. घोड्याच्या चालीवर ज्यांनी रस्ता ओलांडण्याचा अंदाज बसविला होता, त्यांचा तो अंदाज एकाएकी खोटा ठरला. माणसे चिरडली जाऊ लागली. १८९५ च्या जानेवारीत तेथील ट्रामच्या नोकरांनी संप केला, तेव्हा रस्त्यावर सैन्य उभे राहिले आणि कंपन्यांनी गाड्या नवख्या माणसांच्या हाती दिल्या. या सर्वांतून भाषेत काय उरले? ब्रुकलिनच्या रहिवाशांस 'ट्रॉली चुकविणारे' असे टोपणनाव पडले. पुढे ते तेथील बेसबॉल संघास चिकटले. तो संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेला तरी 'डॉजर्स' हे नाव आजही मिरवितो. विनोद म्हणून हे नाव खुमासदार आहे. परंतु त्याच्या पोटी एक निवाडा दडलेला आहे. गाडीने माणसास चुकवावे हे कर्तव्य मागे पडले आणि माणसाने गाडीस चुकवावे हे रूढ झाले. जो चुकवू शकला नाही, तो आपल्याच गबाळेपणाने मेला!

हा निवाडा थोरांच्याही वाट्यास आला आहे. ७ जून १९२६ रोजी बार्सिलोनात आंतोनी गौदी या जगविख्यात वास्तुशिल्पज्ञास ट्रामची धडक बसली. अंगावर जुने, मळके कपडे असल्यामुळे लोकांनी त्यास भिकारी समजून त्वरेने मदत केली नाही. तीन दिवसांनी तो मरण पावला. कलकत्त्यात १४ ऑक्टोबर १९५४ रोजी बंगाली कवी जीवनानंद दास ट्रामखाली सापडले आणि २२ ऑक्टोबरला इस्पितळात निवर्तले. गौदी विचारात गढलेला होता, जीवनानंद उदास होते, अशी चर्चा पुढे पुष्कळ झाली. पण ज्या रस्त्यावर म्हातारा, बहिरा, चिंतामग्न अथवा दुःखी मनुष्य सुरक्षित चालू शकत नाही, तो रस्ता केवळ सावध तरुणांकरिताच बांधला होता काय, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला. मृताच्या मनाची चिकित्सा सोपी, कारण तो उत्तर देत नाही.

पादचाऱ्याकडे बोट दाखविता आले नाही, तर ते गाडी हाकणाऱ्याकडे वळते. इंग्लंडातील डोव्हर येथे १९ ऑगस्ट १९१७ रोजी एक ट्राम उतारावर अनावर झाली आणि पायथ्याच्या वळणावर उलटली. ११ माणसे दगावली. हाकणारा अननुभवी होता, हे खरेच. पण महायुद्धाने कसलेली माणसे नेली होती, गाडीत क्षमतेहून अधिक उतारू भरले होते, आणि अशी गाडी अशा उतारावर अशा माणसाच्या स्वाधीन कोणी तरी केलेली होती. नवख्याचा नवखेपणा हा त्याचा अपराध, की त्यास तेथे उभे करणाऱ्याचा?

या प्रश्नास न्यायासनासमोर काहीसे स्पष्ट उत्तर मिळाले ते अगदी अलीकडे. लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे, अंधारात आणि पावसात, एक ट्राम सँडिलँड्सजवळच्या वळणावर उलटली. तेथे ताशी २० किलोमीटरची मर्यादा होती. गाडीचा वेग सत्तरीच्या वर होता. सात उतारू मृत्यू पावले, साठाहून अधिक जखमी झाले. चालकाची शुद्ध क्षणभर हरपली असावी, असे तपासणी मंडळास वाटले. परंतु मंडळ तेथेच थांबले नाही. चालकाचे भान सुटले तर गाडी आपोआप थांबविणारी योजना नव्हती, वळणाची आगाऊ सूचना अपुरी होती, आणि खिडक्यांच्या काचा फुटून माणसे बाहेर फेकली गेली, हेही त्याने नोंदविले. २०२३ च्या जूनमध्ये ज्यूरीने चालकास निर्दोष ठरविले. लंडनची वाहतूक संस्था आणि गाड्या चालविणारी कंपनी यांनी मात्र सुरक्षेतील कसुरीचा गुन्हा कबूल केला. त्यांस त्याच वर्षी अनुक्रमे १ कोटी व ४० लक्ष पौंड दंड झाला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, दोष असा वर वर सरकत गेला तर अखेरीस तो कोणाच्याच पदरी राहणार नाही. हाकणारा बेफिकीर होईल आणि रस्ता ओलांडणारा बेशिस्त. हा आक्षेप पोकळ नव्हे. मद्य पिऊन गाडी हाकणाऱ्यास क्षमा नाही आणि धावत्या गाडीवर लटकणाऱ्याने आपले साहस दुसऱ्याच्या माथी मारू नये. परंतु क्षणाची चूक आणि वर्षानुवर्षांची उपेक्षा यांस एकाच तागडीत घालता येत नाही. चूक माणसाकडून होणारच. ती होणार हे ज्यांस आधीच ठाऊक असते आणि ती निभावून नेण्याची साधने ज्यांच्या हाती असतात, त्यांच्यावर भार अधिक. ज्याचा अधिकार मोठा त्याचा दोषाचा वाटाही मोठा, हाच न्याय्य हिशेब होय. तो सोडून एकट्या हाकणाऱ्यास शिक्षा करणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे. त्याने मृतांच्या आप्तांचा क्षोभ क्षणभर शमेल, पण ते वळण तसेच राहील आणि उद्या दुसरा थकलेला मनुष्य दुसरी गाडी घेऊन तेथेच येईल.

मुंबईच्या रस्त्यांवरून ट्राम गेली, पण बस, मोटारी व दुचाक्या आल्या, आणि अपघातानंतर जमणारा घोळका आजही प्रथम चालकाची गचांडी धरतो. त्याचा संताप आम्हांस समजतो. मात्र तो ओसरल्यावर आम्ही सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे: हा रस्ता असा कोणी आखला, हे वेळापत्रक कोणी लादले, आणि यापूर्वी येथे झालेल्या अपघाताची नोंद कोणी वाचली होती काय? हे प्रश्न विचारण्याचा कंटाळा आम्ही करीत राहिलो, तर दोषाचा एक वाटा आमच्याही नावे लिहिला जाईल.