गुडघ्यात स्टेम सेल: खरंच नवी गादी तयार होते का?

आमच्या देऊळगाव राजात आई-वडिलांच्या गुडघ्यांचे एक्स-रे व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि सोबत 'ऑपरेशनशिवाय गादी परत' असले रील्सही. म्हणून हे जरा नीट बघू.

गुडघ्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती झिजली की आपोआप भरून येत नाही. स्टेम सेल टोचल्या की त्यांचीच नवी गादी बनते, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या पेशी फार काळ टिकत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे सूज आणि दुखणं कमी व्हावं, ही मुख्य अपेक्षा असते.

भारतात 2022 मध्ये बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. मुंबईची अल्केम ते 'स्टेमवन' नावाने विकते. दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी लॅबमध्ये वाढवून ते बनतं. पण मंजुरी ग्रेड 2 आणि 3 च्या झिजेसाठीच आहे. हाडाला हाड घासतं त्या ग्रेड 4 साठी नाही, आणि रील्समध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

2023 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी छापून आली. तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉईड इंजेक्शनशी केली होती. वर्षभरानंतर दुखणं कमी करण्यात पेशी सरस ठरल्या नाहीत. माझ्या मते, कर्ज काढून हे इंजेक्शन घेण्याइतका पुरावा अजून नाही.

तरी कोणी सुचवलंच, तर रिपोर्टवरचा ग्रेड बघा आणि औषधाचं नाव लिहून मागा. 'चाचणी चालू आहे' म्हणाले तर नोंदणी क्रमांक घ्या आणि सीटीआरआयच्या साईटवर शोधा. चाचणीतल्या पेशींचे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.