लोम्ब्रोसोचे मार्क

इंग्लंड-वेल्समधली सोळा-सतरा वर्षांची हजारो पोरं दरवर्षी एका इटालियन डॉक्टरचं नाव पाठ करतात. कशासाठी? तर तो चूक होता हे परीक्षेत लिहिण्यासाठी! डॉक्टरचं नाव चेझारे लोम्ब्रोसो, विषयाचं नाव क्रिमिनॉलॉजी.

आपल्याकडे अकरावी-बारावी, तसा तिकडे सिक्स्थ फॉर्म. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. २०१० च्या दशकात वेल्सच्या डब्ल्यूजेईसी बोर्डाने या वयासाठी क्रिमिनॉलॉजीचा कोर्स आणला आणि पोरांच्या त्यावर उड्या पडल्या. (पडणारच. एका बाजूला मॅथ्स, दुसऱ्या बाजूला खून-दरोडे. तुम्ही काय निवडलं असतं?) माझी एक मावसबहीण तिकडे हा विषय शिकवते. गेले दोन-तीन वीकेंड मी तिच्या नोट्स वाचतोय, त्यातून हा लेख.

कोर्सची रचना अशी, की एकूण चार युनिट्स. दोन युनिट्सच्या लेखी परीक्षा, प्रत्येकी दीड तासाची. उरलेल्या दोनांची परीक्षा शाळेतच, प्रत्येकी आठ तासांची. स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स घेऊन बसायचं, इंटरनेट नाही, आणि मास्तरांनी तोंड उघडायचं नाही. आपला लोम्ब्रोसो येतो लेखी परीक्षेत, 'माणूस गुन्हा का करतो' या प्रश्नाच्या अगदी सुरुवातीला.

कोण हा बाबा? जन्म १८३५, गाव व्हेरोना. १८६१ मध्ये इटली एक झाली, पण कशी, तर श्रीमंत उत्तरेने गरीब दक्षिणेला ताब्यात घेतल्यासारखी. दक्षिणेत बंडखोर आणि दरोडेखोर डोंगरात शिरले, त्यांच्यामागे फौज गेली. लोम्ब्रोसो फौजेत डॉक्टर होता आणि दक्षिणेतल्या कालाब्रियात राहून आला होता. पुढे १८७० च्या सुमारास त्याच्या हाती विलेल्ला नावाच्या एका मेलेल्या कालाब्रियन कैद्याची कवटी आली. कवटीच्या मागच्या बाजूला आतून, जिथे आपल्यासारख्यांना बारीक कंगोरा असतो, तिथे याला खळगा दिसला. खालच्या दर्जाच्या प्राण्यांना असतो तसा. झालं! गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असा शोध लागला. १८७६ मध्ये पुस्तक आलं. मोठा जबडा, बाहेर आलेले कान, लांब हात, अंगावर गोंदण... जन्मजात गुन्हेगार ओळखायच्या खुणा.

गंमत अशी, की पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या फुगत गेल्या आणि जन्मजात गुन्हेगारांचं प्रमाण मात्र त्याने स्वतःच कमी करत साधारण एक तृतीयांशावर आणलं. ती कवटी आजही तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. विलेल्लाच्या गावाने ती परत मिळावी म्हणून दावा लावला होता, २०१९ मध्ये इटलीच्या वरच्या कोर्टाने निकाल म्युझियमच्या बाजूने दिला. आणि त्याच म्युझियममध्ये खुद्द लोम्ब्रोसोचा सांगाडाही उभा आहे. त्याच्याच इच्छेने.

ताईचा पहिला तास ठरलेला असतो. पडद्यावर बारा चेहरे, 'गुन्हेगार कोण ते ओळखा'. पोरं हिरीरीने मतं देतात. मग कळतं की ज्याला सगळ्यात जास्त मतं पडली तो एक प्रोफेसर आहे. हशा होतो, लोम्ब्रोसो डोक्यात पक्का बसतो.

खरं दुखणं परीक्षेच्या तयारीत आहे. प्रश्नात 'डिस्क्राइब' असलं तर वर्णन करा, 'एव्हॅल्युएट' असलं तर पारखा. पोरं दोन्ही ठिकाणी जबड्याचं वर्णन करतात. पारखा म्हटलं की फार तर 'ही थिअरी जुनाट आणि वंशवादी आहे' असं एक वाक्य. ताई म्हणते, बरोबर आहे, पण मार्क कशाचे देऊ? त्याने कुणाला मोजलं, कुणाशी ताडून पाहिलं, काय मोजायचं राहिलं, ते लिही. मग सगळ्यांच्या उत्तरात एकच तयार वाक्य येतं: गोरिंगने लोम्ब्रोसोला खोटं पाडलं.

चार्ल्स गोरिंग हा इंग्लंडमधल्या तुरुंगांचा डॉक्टर. त्याने सुमारे तीन हजार कैदी मोजले आणि त्यांची तुलना विद्यापीठातले विद्यार्थी, सैनिक, इस्पितळातले पेशंट यांच्याशी केली. आकडेमोडीला कार्ल पिअर्सनची लॅब. (हो, स्टॅट्समध्ये ज्याच्या कोरिलेशनने आपल्याला छळलं तोच पिअर्सन.) १९१३ साली निष्कर्ष छापून आला: गुन्हेगाराचा म्हणून वेगळा चेहरा-मोहरा नसतो. आपल्या भाषेत सांगायचं तर लोम्ब्रोसोने मुख्यतः क्रॅश झालेल्या मशीनचे लॉग वाचले, गोरिंगने चालू मशीनचेही पद्धतशीर वाचले.

पण नोट्समध्ये गोरिंग इथेच संपतो आणि हे मला खटकलं. त्याच पुस्तकात त्याने असंही मांडलं, की कैदी सरासरीने बुटके आणि वजनाने कमी असतात, त्यांची बुद्धीही कमी असते, आणि हे बरंचसं आनुवंशिक आहे. म्हणजे कवटी बाहेर काढली आणि तिच्या जागी रक्त ठेवलं! कुपोषणानेही माणूस बुटका राहतो, हे लिहिणारा विद्यार्थी माझ्या मते खरा पारखी. पण 'खोटं पाडलं' या वाक्याने काम भागतं, मग एवढ्या खोलात कोण जातो?

आता तारखा बघा. लोम्ब्रोसोचं पुस्तक १८७६ चं. इंग्रज सरकारने हिंदुस्थानात क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला १८७१ मध्ये, म्हणजे पाच वर्षं आधी. कवटीबिवटी काही नाही. सरकारने नोटिफिकेशन काढायचं, की अमुक जमात गुन्हेगार आहे. मग त्यातल्या माणसांनी नोंदणी करायची, हजेरी द्यायची, पास असल्याशिवाय गावाबाहेर जायचं नाही. सुरुवातीला हे उत्तरेत होतं. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्यात आला. सोलापुरात गिरण्यांच्या गावाला काटेरी तारांच्या आत वसाहत झाली. पारधी, कैकाडी, भामटे, असे किती तरी समाज. त्या भागाला सोलापूरकर आजही 'सेटलमेंट'च म्हणतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय त्यांना हा शिक्का पोटातून कळेल.

हे अभ्यासक्रमाच्या नोट्समध्ये नव्हतं. ताईने यंदा स्वतःहून अर्धा तास यावर घालवला. एका मुलीने विचारलं, "मिस, मग त्यांची केस कुठल्या कोर्टात चालली?" पोरगी पुढच्या युनिटचा विचार करत होती, पुरावा, ज्युरी, अपील वगैरे. उत्तर: कुठल्याच नाही. नोटिफिकेशन बरोबर की चूक हे कोर्टाने विचारायचंच नाही, असं १८७१ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. वर्गात शांतता. मग मागून एक मुलगा म्हणाला, "मेट्रिक्ससारखं."

हे मेट्रिक्स म्हणजे सिनेमा नव्हे. २०११ च्या दंगलींनंतर लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २०१२ मध्ये गँग्ज मेट्रिक्स नावाचा डेटाबेस सुरू केला. माणसाला स्कोअर, आणि स्कोअरप्रमाणे लाल, पिवळा, हिरवा रंग. यादीत काळ्या तरुणांची भरती प्रचंड. शिक्षा झालेली असायलाच हवी असंही नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने यात डेटा संरक्षण कायद्याचा गंभीर भंग झाल्याचं सांगितलं. गुन्हा करणारा आणि गुन्ह्याचा बळी यांत यादी नीट फरकच करत नव्हती. ज्याने कधी डेटाबेस डिझाइन केलाय त्याने दोन मिनिटं डोळ्यांसमोर आणा, एवढा एक कॉलम कुणाला सुचला नाही? शेवटी २०२४ मध्ये मेट्रिक्स बंद झालं. पण २०१८ च्या त्याच तपासात निघालेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. काही बरोंमध्ये मुख्य यादीतून काढलेली नावं पोलिसांनी आपल्यापुरत्या वेगळ्या याद्यांमध्ये ठेवून दिली होती.

आपल्याकडेही क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला, आणि राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. नोंदणी, हजेरी त्यातही होतीच.

तर त्या तासाच्या शेवटी अपेक्षित प्रश्न आलाच: "मिस, हे परीक्षेला आहे?" ताई म्हणाली, नाही. मग म्हणाली, पण 'एव्हॅल्युएट' आलं तर गोरिंगनंतर दोन ओळी लिहा, की असल्या विचाराचा वापर कुणी, कुणावर केला. दीड तासात तीन मोठे प्रश्न, त्यात या दोन ओळींना वेळ किती द्यायचा यावर पोरांनी लगेच घासाघीस सुरू केली. चार मिनिटांवर तडजोड झाली.