बाळंभटदादा देवधर : काशीतील एका गुरुपरंपरेचा मागोवा

काशी आणि महाराष्ट्र यांच्या संबंधांचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आणि घाटांच्या आधारे लिहिला जातो. पैठणहून काशीस आलेले भट्ट घराणे, त्यातील नारायणभट्ट व गागाभट्ट, पुढे 1780 च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर, शिंदे-भोसल्यांचे घाट, ब्रह्मघाट-दुर्गाघाट परिसरातील मराठी वस्ती हे टप्पे अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. परंतु ह्याच नगरीत मराठी माणसांनी आणखी एक विद्या आणली. तिची पोथी नव्हती, तिच्यावर टीकाग्रंथ झाले नाहीत, आणि तिचा आद्य आचार्य मानला जाणारा पुरुष स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळही मागे ठेवून गेलेला नाही. मल्लखांबाच्या तालमीतून दोनशे वर्षे ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या बाळंभटदादा देवधरांविषयी काय म्हणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाळंभटदादांना मल्लखांबाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात मल्लांच्या व्यायामाची चर्चा असून तीत स्तंभावरील श्रमाचाही समावेश आहे. मधल्या काही शतकांत ह्या प्रकाराचे काय झाले, याचा सलग माग लागत नाही. म्हणून बाळंभटदादांना पुनरुज्जीवक म्हणणे अधिक उचित. पण केवळ विस्मृतीतून एखादा व्यायामप्रकार वर काढणारा असेही त्यांना म्हणता येत नाही. त्यांनी तो शिकविण्याजोगा केला. त्यांच्या कार्याचे मर्म इथे आहे, असे मला वाटते.

परंपरा मात्र शिकविण्याची कथा सांगत नाही, जिंकण्याची सांगते. ती थोडक्यात अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल आले. पुण्यातील कोणीही पहिलवान त्यांच्यापुढे उभा राहीना. पेशव्यांनी कुस्तीस जोड द्यावी, अन्यथा जयपत्र लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने आव्हान स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागितली आणि तो नाशिकजवळच्या वणीच्या सप्तशृंगी देवीपुढे अनुष्ठानाला बसला. देवीच्या कृपेने प्रत्यक्ष मारुतीने त्यास लाकडी खांबावरील पकडी व उड्या दाखविल्या. परतल्यावर त्याने अलीस चीत केले आणि गुलाबाने लढण्यास नकार दिला.

ही कथा शब्दशः इतिहास म्हणून घेता येणार नाही. तिची ठेवण लोककथेची आहे : परका प्रतिस्पर्धी, हतबल दरबार, अल्पवयीन नायक, देवतेचा दृष्टान्त. तरीही तिला निरुपयोगी ठरविण्याची घाई करू नये. तिच्यातील 'जयपत्र' हा शब्द पाहावा. पराभूताने जेत्यास जयपत्र लिहून देण्याचा संकेत मल्लांच्या आखाड्याइतकाच, किंबहुना अधिक, शास्त्रार्थाच्या सभेत रूढ होता. भिक्षुकी-शास्त्राध्ययनाच्या वातावरणात वाढलेल्या समाजाने आपल्यातील एका मल्लाची कथा सांगताना वादसभेचा साचा वापरला, हे अर्थपूर्ण आहे. ब्राह्मण कुटुंबातील मुलाने लाल मातीत उतरणे त्या समाजाला कुठेतरी समर्थनीय करून घ्यावे लागले असावे. देवीचे अनुष्ठान आणि जयपत्र ह्या दोन गोष्टी ते काम करतात. ज्या नगरीत ही परंपरा पुढे रुजली ती शास्त्रार्थाची राजधानीच होती, हाही योगायोगाचा भाग म्हणून सोडून देता येत नाही.

3 जून 1818 रोजी बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर तो कानपूरजवळ ब्रह्मावर्त येथे राहिला आणि 1851 मध्ये तेथेच वारला. त्याचा बंधू चिमाजी अप्पा काशीत राहिला. 'पळपुटा बाजीराव' ह्या एका विशेषणात मराठी जनमानसाने त्याचा निकाल लावून टाकला आहे, आणि राज्यकर्ता म्हणून त्याचा बचाव करण्याचे येथे कारणही नाही. परंतु व्यायामाची त्याला मनापासून आवड होती आणि त्याच्या आश्रयाने आलेल्या मंडळींत शास्त्री, भिक्षुक, कारकून यांच्याबरोबर तालीमबाजही होते. राज्य गेल्यावर दप्तरे पुण्यात राहिली. विद्या माणसांच्या अंगातून उत्तरेकडे गेली. बाळंभटदादा आणि त्यांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा मांडला, असे मल्लखांबाची परंपरा एकमुखाने सांगते.

काशीत आखाड्यांची वाण नव्हती. तुलसीघाटावरील आखाड्याचे नाते खुद्द तुलसीदासांशी जोडले जाते. गदा, जोडी, नागपंचमीची दंगल ही तेथील अंगभूत संस्कृती. अशा नगरीत बाहेरून आलेल्या गुरूने काय नवे दिले? कुस्तीला जोडीदार लागतो, मातीचा हौदा लागतो आणि दूध-तूप-बदामाचा खुराक लागतो. खांबाला यांपैकी काहीच लागत नाही. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत गेलेला शिसवी वा सागवानी खांब, त्यावर चोळायला थोडे एरंडेल आणि वाड्याच्या चौकातील चार हात जागा एवढ्यावर भागते. मुलगा प्रथम अढी शिकतो. हातांनी खांब धरून, डोके खाली ठेवून, पाय वर नेऊन खांबाला विळखा घालतो. मग तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल असा क्रम लागतो. कुस्तीत प्रतिस्पर्ध्यावर जी पकड घ्यावयाची ती येथे न थकणाऱ्या, न चुकणाऱ्या लाकडावर घोटली जाते. माधुकरी मागून वेदाध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यास परवडेल अशी ही मल्लविद्या होती, आणि काशीत तिचा जम बसण्याचे हे एक कारण असावे, असा माझा तर्क आहे. अध्ययन आणि व्यायाम यांची ही सांगड पुढेही दिसते. संस्कृत शिकण्यासाठी काशीत आलेले शिवराम हरी राजगुरू व्यायामाच्या शिक्षणासाठी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातही गेले होते.

उत्तरेतील मराठी मंडळींत मल्लखांब प्रत्यक्ष रुळला होता याला परंपरेबाहेरचा एक भक्कम साक्षीदार आहे. तो तालमीतला नाही, पोथीतला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत झाशीत होते. 'माझा प्रवास'मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाचे वर्णन करताना त्या पहाटे उठून मल्लखांब करीत, मग जोडी आणि घोडेस्वारी, असे ते नोंदवतात. ह्या राणीचा जन्म काशीचा. वडील मोरोपंत तांबे चिमाजी अप्पांच्या पदरी होते. बाळंभटदादांनी त्यांना, तसेच नानासाहेब व तात्या टोपे यांना शिकविल्याचे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. गोडसे भटजी गुरूचे नाव देत नाहीत, म्हणून हे विधान दंतकथेच्या बाजूलाच ठेवावे लागेल. पण जे निश्चित आहे तेही कमी नाही. ह्या विद्येच्या प्रसाराचा एक मोलाचा समकालीन पुरावा एका स्त्रीच्या व्यायामाचा आहे. नंतरच्या काळात मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आणि मुलांसाठी पुरलेला, अशी वाटणी झाली. ती वाटणी मूळचीच आहे असे मानणाऱ्यांनी गोडसे भटजींचे हे पान अवश्य वाचावे.

काशीहून ही विद्या परत दक्षिणेकडे व पश्चिमेकडे आली. दामोदरगुरू मोघे यांचे नाव ह्या शिष्यपरंपरेत मोठे आहे. बडोद्यात देवधर घराण्यातील नारायणगुरूंच्या नावाने तालीम चालू राहिली. गायकवाडांच्या त्याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 1936 पासून 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध केला. तोंडी चालत आलेली विद्या छापील पानावर उतरण्याचा हा टप्पा होता. त्यात लाभ जितका तितकी हानीही आहे. कोशात उड्यांची आणि पकडींची नावे राहिली; ओल्या पावसाळी सकाळी कोणत्या मुलाला खांबावर चढू द्यावे आणि कोणाला नुसते बसवून ठेवावे, हे गुरूला कसे कळत असे, ते राहिले नाही. गुरुचरित्रातील हा भाग कोणत्याही साधनातून भरून काढता येत नाही.

त्याची एक झलक तेवढी परंपरेने जपली आहे. काशीच्या आखाड्यात पायांनी अधू असलेला एक शिष्य होता व मल्लखांबाच्या अभ्यासाने तो नावाजलेला कसरतपटू झाला, असे सांगतात. अली-गुलाबाच्या कथेपेक्षा ही आठवण मला अधिक विश्वसनीय वाटते. तिच्यात देवतेचा हस्तक्षेप नाही, जयपत्रही नाही. केवळ एका मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे शिकविणारा माणूस तिच्यात दिसतो. जेथे पाय जमिनीवर टेकवावयाचेच नाहीत अशा व्यायामात अधू पायांचा मुलगा इतरांच्या बरोबरीला येऊ शकतो, हे ओळखायला निराळी दृष्टी लागते.

फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेथल्या श्री समर्थ व्यायाममंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. अंध मुलींना मल्लखांब शिकविणे हा त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचा एक भाग आहे. त्या मुली आधी हाताने खांब चाचपतात आणि मग अढी बांधतात.