पाण्यातली ठिणगी

मुतखडा फोडायचं यंत्र विमानाच्या कंपनीत जन्मलं, असं मी पेशंटना सांगायचे तेव्हा त्यांना ती थाप वाटायची. सोलापूरच्या एका इस्पितळात लिथोट्रिप्सीच्या खोलीत मी टेक्निशियन होते. हुलग्याचं कढण, पानफुटीची पानं, शहाळी, कुणा मित्राने छातीठोकपणे सुचवलेली बिअर, असं सगळं करून झालं की माणूस आमच्या टेबलावर यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘ताई, करंट नाही ना लागायचा?’’

करंट लागत नाही. पण प्रश्न वेडगळही नाही. जर्मनीत बोडेन्झे तळ्याकाठच्या फ्रीडरिशहाफेनला डॉर्नियर कंपनी होती. (आपलं तटरक्षक दल ज्या डॉर्नियर विमानांतून किनाऱ्यावर गस्त घालतं, ती याच घराण्यातली, परवान्यावर कानपूरला बांधलेली.) आवाजाहून वेगाने उडणारं विमान पावसात शिरलं की थेंबांच्या माऱ्याने त्याच्या पत्र्याला खड्डे पडतात. तिथले लोक १९६०च्या दशकात त्याचं कारण शोधत होते. चाचणीत एका लक्ष्यावर प्रचंड वेगाने मारा चालू होता. त्या क्षणी एका अभियंत्याचा हात लक्ष्याला लागलेला होता आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखं झालं. तपासलं तर विजेचा पत्ताच नव्हता. दाबाची लाट धातूतून सरळ हातात शिरली होती, आणि कातडीवर ओरखडाही नव्हता.

पुढचे पैसे संरक्षण खात्याने दिले. रणगाड्याला टेकून बसलेल्या सैनिकाचं अशा लाटेने काय होईल, ही त्यांची काळजी. स्नायू आणि चरबी यांतून लाट फारसं काही न बिघडवता निघून जाते, कारण मांस जवळपास पाण्यासारखंच. फुफ्फुसात मात्र हवा असते, तिथे ती इजा करते. आणि वाटेत ठिसूळ, कठीण काही आलं की त्याच्या चिरफाळ्या उडतात. शरीरात ठिसूळ आणि कठीण, शिवाय नको असलेलं असं काय असतं, हे ओळखायला मग फार वेळ लागला नाही.

१९७४मध्ये सरकारच्या संशोधन खात्याने अनुदान दिलं आणि काम म्युनिकच्या विद्यापीठात गेलं. डॉक्टरांच्या बाजूने ख्रिस्तियान शाउसी, एगबर्ट श्मीट, डीटर योखाम आणि वाल्टर ब्रेंडेल. कंपनीकडून भौतिकशास्त्रज्ञ बर्न्ड फोर्समन. आधी भांड्यातले खडे फोडले, मग उंदीर झाले, मग कुत्री. माणसाचे खडे कुत्र्यांच्या मूत्रपिंडात बसवून ते बाहेरून फोडले. उंदरांची फुफ्फुसं वाचवायला थर्माकोलची पाटी आड धरली. खरं अडलं ते नेमाशी. खडा नक्की कुठे आहे ते सोनोग्राफीने दिसेना, त्यात काही वर्षं गेली. शेवटी दोन बाजूंनी दोन एक्स-रे नळ्या लावल्या, तेव्हा गाडी पुढे सरकली.

फेब्रुवारी १९८०मध्ये पहिल्या माणसावर उपचार झाले. त्या काळात मूत्रपिंडातला खडा म्हणजे कुशीत लांब चिरा, टाके आणि पुढे कित्येक आठवडे जड काही उचलायचं नाही. पाठीत भोक पाडून नळीवाटे खडा काढायची पद्धत स्वीडनमध्ये १९७६मध्ये निघाली होती, पण ती नवीन होती. इथे तर कातडीला सुरीच लागली नाही. वर्ष संपायच्या आत ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लेख आला. डिसेंबर १९८४मध्ये अमेरिकेने एचएम-३ नावाच्या मॉडेलला मान्यता दिली आणि ते जगभर गेलं.

एचएम-३ मी फक्त फोटोत पाहिलंय. पोलादाचा टब, वर क्रेनसारखी खुर्ची, तिच्यात भूल दिलेला माणूस, गळ्यापर्यंत कोमट पाण्यात. टबाच्या तळाशी अर्ध्या अंड्याच्या टरफलासारखं पितळी भांडं. त्याच्या एका केंद्रबिंदूवर पाण्याखाली वीसेक हजार व्होल्टची ठिणगी पडायची, आणि तिची लाट भांड्यावर आपटून दुसऱ्या केंद्रबिंदूवर गोळा व्हायची. खडा तिथे आणून ठेवायचा, एवढंच काम. वीज टबातच राहायची, माणसात जायचा तो नुसता दाब. असे हजार-दोन हजार ठोके पडले की खड्याचा चुरा व्हायचा आणि तो पुढे लघवीवाटे पडायचा.

या धुडाला नावं ठेवणं सोपं होतं. माणूस ओला होतो, भूल लागते, टबाला खोलीभर जागा लागते, ठिणगीची टोकं झिजली की बदला. म्हणून पुढच्या यंत्रांनी टब काढून टाकला. पाण्याने भरलेली रबरी गादी आली, मध्ये जेली चोपडायची. आमचं यंत्र याच पिढीतलं. लाटेचा केंद्रबिंदू बारीक केला, म्हणजे कातडीवर दुखणं कमी आणि भुलीची गरजही कमी. जाहिरातीत हे सगळं छानच दिसायचं.

पण श्वासाबरोबर मूत्रपिंड खालीवर सरकतं, त्याच्याबरोबर खडाही. रुंद केंद्रबिंदूला तो सापडतो, अरुंदाला बरेचदा हुलकावणी देतो. गादी आणि कातडी यांच्यामध्ये जेलीत बुडबुडे राहिले तर लाट तिथेच अडते. टबात हा प्रश्नच नव्हता. नव्या यंत्रांचे निकाल मोजले, तेव्हा जुन्या टबाशी बरोबरी करायला त्यांची दमछाक झाली. सोय घेतली आणि धार घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट तर गमतीचीच. एचएम-३ हृदयाच्या ठोक्याला बांधलेलं होतं. ईसीजीवर ठोका दिसला की त्यामागोमाग लगेच शॉक, म्हणजे हृदयाची लय बिघडू नये. साहजिकच वेग नाडीएवढा. पुढे ही बंधनं ढिली झाली आणि मिनिटाला १२० शॉक देऊन मोकळं होण्याची पद्धत पडली. मग २००५मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी मिनिटाला ६० आणि १२० अशी तुलना छापली. सावकाश दिलेले शॉक सरस ठरले. प्रत्येक लाटेमागे खड्याभोवती बारीक बुडबुडे उरतात. ते विरायच्या आत दुसरी लाट आली तर तिचा जोर त्यांच्यातच जिरतो. हृदयाच्या भीतीने ठेवलेली गती खड्यासाठीही बरी होती, आणि हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. बाहेर रांग असली तरी मी यंत्र साठावरच ठेवायचे, दोन हजारांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तरी. त्यावरून बोलणी खाल्ली, ती असो.

आता दुर्बिणीतून लेझर आत जातो आणि मोठ्या, कडक खड्यांचं काम त्यानेच होतं. लाटेकडे राहिले दोन सेंटिमीटरच्या आतले, फार टणक नसलेले खडे. गरोदर बाई किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला माणूस लाटेला आजही चालत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र लाटेचा विचार अजून आधी होतो. कोवळ्या मूत्रनलिकेतून चुरा मोठ्यांपेक्षा सहज उतरतो, फक्त मूल हलू नये म्हणून भूल द्यावी लागते.